राधाकिसनची गिअरची सायकल

१९ मार्च २००३, बुधवार

रविवारी सकाळी मी काय केलं ते आधी लिहितो. आंघोळ केली, मारुतीला पाणी घालून आलो, अंगणात लिंबाखाली जुनं पोतं अंथरलं आणि राधाकिसनची सायकल उलटी करून त्यावर ठेवली. चेन काढली. मागचं चाक काढलं. जाड टायरची, गिअरची सायकल. त्याचा मुलगा मल्हारी पुण्याहून इथे आणून सोडून गेला, तेव्हापासून त्याच्या गोठ्यात पडलेली. वरून गंज, चिमण्यांची घाण, पण आतलं लोखंड चांगलं. मी खूश होतो. स्टँडवरचं माझं भाड्याच्या सायकलींचं दुकान बंद झाल्यापासून कुणी अख्खी सायकल माझ्या हातात दिली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी तो स्वतःच ती ढकलत घेऊन आला होता.

"पुंजाभाऊ, डाक्टर म्हनतो साखर हाय, सायकल चालवा. उद्या सकाळीच सोडायला घे बरं का. जल्दी हाय मला."

"अरे, ही डोंगरावर चालवायची सायकल. तू कुठं चढणार?"

"आदी शेताच्या पांदीतून तं निघू दे!"

दोघंही हसलो होतो.

आज दुपारी गल्लीतून भोंगा लावलेली रिक्षा गेली. मारुती मंदिराचा सप्ताह, नऊ एप्रिलपासून, आणि — "व्यासपीठचालक, धावड्याचे तातेराव महाराज!" माझे हात ग्रीसमध्ये. वाटलं, चुकून म्हणाला असेल. रिक्षा वळून परत आली. तेच नाव.

त्या जागेवर मी बसतो. मंडपात पुढे पाटावर बसून मी पोथी वाचायची, आणि समोरच्या सगळ्यांनी आपापल्या पोथीतून माझ्या आवाजाबरोबर वाचायचं. सात दिवसांत पोथी पुरी. कितीतरी वर्षं हे काम माझं. पगार नाही, मान म्हणूनही नाही. वर्षातले तेवढे सात दिवस मी स्वतःला बरा माणूस वाटतो, एवढंच.

मंदिर झाडणाऱ्या कडूबाला विचारलं, बैठक कधी झाली? "आयतवारी सकाळी. राधाकिसनभाऊनंच तं महाराजांचं नाव काढलं. तुमाला निरोप न्हाई आल्ता का?"

राधाकिसन कमिटीचा अध्यक्ष. रविवारी सकाळी मी इथे त्याची चेन रॉकेलमध्ये घालत होतो!

२० मार्च

सायकलला हात लावला नाही.

२१ मार्च

संध्याकाळी राधाकिसन येऊन दारातच उभा राहिला. नेहमी थेट लिंबाखालच्या बाजेवर येऊन बसतो.

"झाली का?"

"नाही. अजून बरंच सोडायचंय."

"सावकास कर. घाई न्हाई."

शनिवारी जल्दी होती! सप्ताहाचं एक अक्षर बोलला नाही. मीही विचारलं नाही. त्यानं स्वतःहून सांगावं म्हणून वाट बघत होतो. चप्पल नीट करत उभा राहिला आणि गेला.

२३ मार्च, रविवार

आज वर्ल्ड कपची फायनल. सगळा गाव टीव्हीपुढे. आमच्या गल्लीत माणूस नाही. मी सायकल घेऊन बसलो आणि त्यानं सांगितलं नव्हतं तेही सोडलं. पॅडलचा एक्सल, हँडल, पुढचं चाक धरणारा चिमटा, ब्रेकच्या तारा. पॅडलच्या दांड्याची खीळ, कॉटर, निघत नव्हती. कालपासून रॉकेल पाजलं होतं, तरी हातोडी हाणावी लागली. जरा जास्तच हाणली. मागे गिअर बदलायचा तो लोंबता भाग असतो, त्यात दोन लहान दातेरी चाकं आणि एक स्प्रिंग. आमच्या दुकानात असलं काही नव्हतं. तोही उघडला. स्प्रिंग उडून तुळशीपाशी पडली. बायकोनं, सगुणानं, शोधून दिली.

ती म्हणाली, "येवढं सगळं कामून सोडून राह्यले?"

"साफ करायला."

संध्याकाळपर्यंत नुसती सांगाड्याची नळी उरली. बाकी सगळं पोत्यावर. बघून बरं वाटलं. राहू दे अशीच. त्याला आठवण झाली तर पोत्यात भरून मंदिराच्या पायरीवर ओतीन.

भारत हरला म्हणे.

२५ मार्च

रात्री झोप नाही, सकाळी जप नीट नाही. माळ बोटांत, मन त्या बैठकीत. कोण कोण असेल? कुणी तरी म्हणालं असेल ना — पुंजारामला बोलवा म्हणून? का कुणीच नाही?

लोडशेडिंग. दिवसासुद्धा घरात नीट दिसत नाही. माझ्याच ओळी वाकड्या येतात.

२७ मार्च

सायकल तशीच ठेवणं जमलं नाही. उघडं लोखंड बघवत नाही. चाकांपासून सुरुवात केली. आसाची वाटी धुतली, ग्रीस भरलं, बेअरिंगचे छर्रे बसवले, वरून कोनाचा नट आवळला. चाक फिरवलं तर कर्रर्र. ढिलं केलं तर डुलतं. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. पुढचं चाकही तसंच. छर्रेच खराब, म्हणालो.

सगुणा शेजारी तांदूळ निवडत होती. तिनं माझ्यासमोरची थाळी ओढून घेतली आणि बोटानं भराभरा छर्रे दोन बाजूंना लोटले. "ह्ये मोठे, ह्ये बारीक. तुमी मिसळून टाकले. दिसत न्हाई का —"

आणि एकदम गप्प झाली. थाळी माझ्यापुढे सरकवली आणि तांदूळ उचलून आत गेली.

पुढच्या चाकाचे छर्रे लहान, मागचे मोठे. हे मी दुकानात डोळे मिटून केलंय. आता दोन्ही चाकं सुरेख फिरतात. पण ती गप्प का झाली?

२ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. लिंबाचा पाला, गूळ. आज नवं वर्ष, मनात राग नको असं ठरवलं होतं. दहा वाजेपर्यंत टिकलं.

चतुराबाई आली साखरेची गाठी घेऊन. माझ्या आईच्या वयाची, पारायणात बायकांच्या पहिल्या रांगेत बसते. सायकलीचे भाग बघून म्हणाली, "बरं झालं बाबा, कामाला लागला. जागा गेली म्हून रुसून बसशील वाटलं. पर पुंजा, मागच्या सालासारखं झालं असतं तं पुन्ना सगळ्यांच्या जीवाला घोर!"

"काय झालं मागच्या साली?"

तिनं गाठी खाली ठेवली. "तुला सांगितलं न्हाई व्हय कुनी?"

मग थोडं थोडं करून सांगितलं. पाचव्या दिवशी सकाळी वाचताना मी चार-पाच पानं एकदम उलटली. पुढचं तसंच वाचत गेलो. सगळ्यांच्या हातात पोथ्या, सगळ्यांना कळलं. चतुराबाई थांबली, तिच्याकडे बघून मागच्या रांगा थांबल्या. पण व्यासपीठावरच्या माणसाला कुणी टोकत नाही. सगळ्यांनी गुपचूप आपापली पानं उलटली आणि मला येऊन मिळाले.

"मग पारायण खंडित झालं की," मी म्हणालो.

"न्हाई रे! रातीला राधाकिसनच्या घरी जमलो ना समदे. ती पानं वाचून पुरी केली. तुझी सगुणा बी आल्ती ऐकायला."

वाचणारी अख्खी मंडळी त्या रात्री राधाकिसनच्या ओसरीवर बसली. मी इथे, शंभर पावलांवर, घसा बसला म्हणून हळदीचं दूध पीत होतो. सगळ्यांचं पारायण पुरं झालं. माझं एकट्याचं तुटलेलं राहिलं. आणि तेच तुटकं मी वर्षभर देवापुढे मिरवलं.

जागा काढून घेतली त्याचं दुःख होतं. आज ते लहान झालं.

३ एप्रिल

सगुणाला विचारलं. चुलीपुढून उठली नाही.

"कसं सांगनार? काल्याच्या दिवशी परसादाचं ताट हातात धरून तुमी म्हनले, या साली लई चांगलं झालं. लेकरासारखे खूश व्हते."

"मग?"

"मंग राधाकिसनभाऊ म्हनले, वहिनी, तुमी बोलू नका, पुढच्या सालाला मी बघतो."

"मला घरी अडकवायला त्यानं सायकल आणली, ते तुलाही ठाऊक होतं?"

"त्ये न्हाई. मारुतीशप्पथ न्हाई!" रडायला लागली. मी तिला गप्प केलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

जेवण वेगवेगळं झालं.

४ एप्रिल

सकाळच्या एस.टी.नं जालन्याला गेलो, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पन्नाशीच्या आतही होतो म्हणाले काहींना. ऑपरेशन करावं लागेल.

"इतके दिवस काय करत होता?"

"वाचत होतो."

ते हसले. मी विनोद केला नव्हता.

५ एप्रिल

राधाकिसन आला. चतुराबाईनं त्याला सांगितलं असणार. या वेळी बाजेवर बसला. मी चेनच्या कड्या पुसत होतो, मान वर केली नाही.

"पुंजाभाऊ, म्या चार डाव तुज्या दारापर्यंत आल्तो. येकदा तं बसलो बी, सांगायलाच. तू च्या पाजला, म्हनला सप्ता लई बराबर झाला अवंदा. मंग माझं त्वांडच उघडंना."

"आणि बैठकीला मला का नाही बोलावलं?"

"तू समोर असता तं तुज्यासमोर कोन बोललं असतं? येकानं बी न्हाई. पुन्ना तुलाच बसवलं असतं आन पुन्ना तेच."

"म्हणून मला छर्रे धुवायला बसवलं."

तो हळूच म्हणाला, "साखर खरंच हाय पर."

दुसरी वेळ असती तर पोट धरून हसलो असतो. हसलो नाही.

"राधाकिसन, जागा काढून घ्यायची होती तर मागून घ्यायची. दिली असती. पण देवाचं वाचताना माझं सुटलं, आणि ते मला सोडून सगळ्या गावाला ठाऊक! मी तुझा कोण होतो रे? वाट चुकलेल्या परक्यालाही आपण हाक मारतो."

"तुला वाईट वाटंल म्हून —"

"आता काय वाटतंय?"

उठून गेला. कानाला हात लावत होता की डोळ्याला, मला नीट दिसलं नाही.

६ एप्रिल

राग गेलेला नाही. नामस्मरणानं जातो म्हणतात. माझा बसतो, पुन्हा उठतो.

सगुणाशी बोललो. तिनं भीतीपोटी केलं. भित्र्या माणसाला किती दिवस शिक्षा करायची? पण राधाकिसन भित्रा नाही. भर बाजारात दोघांच्या भांडणात उतरणारा माणूस. माझ्यापुढेच कसा भ्याला?

७ एप्रिल, सोमवार

सायकल जुळली. गिअरनं फार छळलं. चेन शेवटच्या चाकावरून घसरून आऱ्यांत जात होती. मागच्या भागावर दोन बारीक स्क्रू आहेत. एकानं चेन बाहेर कुठवर जायची ते ठरतं, एकानं आत. ते मला दिसत नाहीत. सगुणा बघून सांगायची, मी पिळायचो. "आजून थोडं. बास. बास म्हनले ना!" दुपारपर्यंत गिअर टकटक पडायला लागले.

ब्रेक आवळताना क्षणभर मनात आलं, मागचा जरा ढिला ठेवावा. पांदीच्या उतारावर त्यालाही कळू दे, ज्याच्यावर भार टाकावा ते ऐन वेळी धरत नाही म्हणजे काय. रामा रामा! दोन्ही ब्रेक पुन्हा सोडून पुन्हा बसवले. तीन वेळा तपासले.

सांगाड्याची नळी पुसली. निळा रंग निघाला, चांगला आहे.

उद्या काय करायचं ते ठरलंय. सगुणाला सांगितलं नाही. चतुराबाईकडून ती पानं कोणती ते विचारून आलो.

८ एप्रिल, मंगळवार

सकाळी राधाकिसनला बोलावलं. सायकल दारात उभी होती. त्यानं हँडलला हात लावला. मी म्हणालो, "आधी बस." आणि पोथी त्याच्या मांडीवर दिली, माझी सुटलेली ती पानं उघडून.

"वाच. मला ऐकायचीत."

तो पांढरा पडला. चौथीत शाळा सोडून मेंढरांमागे गेलेला माणूस. मंडपात नुसता ओठ हलवतो, मोठ्यानं कधी वाचलं नाही. "चतुराबाईला बोलवू का?"

"नाही. तू."

मी हात जोडून जमिनीवर बसलो. तो बोट ठेवून, अडखळत, एकेक अक्षर लावत वाचायला लागला. घामानं सदरा भिजला. सगुणा उंबऱ्यात येऊन उभी राहिली. दुसऱ्या पानावर त्याच्या दोन ओळी सुटल्या. कानाला लगेच कळलं. त्याला कळलं नाही, तो पुढे जात होता.

मी म्हणालो, "थांब राधाकिसन. सुटलं. मागं जा."

तो मागे गेला.