विसाव्या भागाची यादी

५ जानेवारी, रविवार

दात पडला! अख्खा! क्लेटनचा. वरचा, पुढचा. माझ्या कारखान्यात, फायबरच्या मगरीशेजारी.

भांडण तेच. 'अळणीपूर' बंद पडून सात वर्षं झाली. खाडीखालचं राज्य, बोलणारा चिंबोरा-खेकडा प्रधान, राज्यातलं सगळं मीठ चोरणारा धाकटा राजपुत्र — चॅनलने एकोणीस भागांत गुंडाळली मालिका. शेवटच्या दृश्यात दोघे भाऊ तलवारी उगारून समोरासमोर. पुढे कोण मेला? कोणालाच ठाऊक नाही. म्हणून ही पोरं दर रविवारी कोलशेतला येतात आणि चहा पीत भावांना मारतात. माझ्याकडेच का, तर त्या तलवारी मी केलेल्या. पोरं कसली म्हणा — सलिल बत्तीस वर्षांचा, बँकेत आहे!

सलिल म्हणाला, "चोर तो चोर. थोरला त्याला उभा चिरणार."

क्लेटन म्हणाला, "तुझा थोरला राजा कसला रे, सोसायटीचा सेक्रेटरी!"

सगळे हसले. मी जरा जास्तच. सलिल हसला नाही. तलवारीची मूठ फिरवली — थाड्!

हेमांगी नौपाड्यात दातांची डॉक्टर. तिनेच दात उचलला, दुधाच्या कपात टाकला. "काका, तुमच्याकडे पेशंट शोधावे लागत नाहीत!"

६ जानेवारी

दात बसला. फरशीवरचं रक्त थिनरने निघालं.

१२ जानेवारी, रविवार

क्लेटनच्या कंपूने सलिलच्या स्कूटरच्या टाकीत मीठ ओतलं. किलोभर! मग रस्त्यावरच जुंपली. एकाचं डोकं माझ्या शटरवर आपटलं, पत्र्याला खळगा पडलाय. मधे पडलो तर माझ्याही बरगडीत कोपर. वय बघून तरी मारा रे!

रात्री बरगडी शेकताना कपाट उघडलं. विसाव्या भागाची यादी आहे तिथे. शूटिंगला काय काय सामान लागेल ते आधी मला लिहून यायचं, तशी ही शेवटची. भाग झालाच नाही, कागद राहिला. वाचला की शेवट कळतो.

सात वर्षं कोणाला दाखवला नाही. दाखवला तर वाद मिटेल. वाद मिटला तर रविवारी इथे येणार कोण? दुकानांचे बोर्ड रंगवत सुरुवात केलेला माणूस मी. ही पोरं मला शस्त्रगुरू म्हणतात. बायको गेल्यावर वर्षभर कारखान्यात एकट्याने चहा प्यायलोय. नको ते.

२ फेब्रुवारी, रविवार

हेमांगीने तोडगा काढला. विसावा भाग आपणच करायचा! सोळा तारखेला, वर्तकनगरच्या हॉलमध्ये. थोरला सलिल, धाकटा क्लेटन. खोटी लढाई, पण निकाल खरा. ज्याची तलवार आधी पडेल तो मेला. मग परत वाद नाही.

निघताना तिने विचारलं, "काका, तुम्हाला तेव्हा काहीच कळलेलं नाही? शेवटाचं?"

"नाही गं," म्हणालो.

केवढं सहज!

९ फेब्रुवारी, रविवार

तालीम. क्लेटनची आई लुर्दस टोपलीभर फुगे, त्यांच्याकडचे मैद्याचे गोल वडे, तळून घेऊन आलेली. म्हणाली, "विश्रामदादा, त्याचा हात तेवढा सांभाळा हो. त्या हातावर घर आहे." क्लेटन पंख्या-पंपांच्या मोटारींचं वाइंडिंग करतो — केसाइतकी तार, बोटांनीच गुंडाळायची.

मी आत पेपर वाचत होतो. बाहेर तलवार पडली. माझे कान तिखट! फायबर पडलं की थप्प होतं. हे खणकलं.

पडलेली सलिलची. त्याला बाजूला घेतलं. "लोखंड घातलंस?"

"पट्टी आहे काका, पातळ. वजन पाहिजे ना हाताला."

"काढ."

"काढतो."

तलवार तिथेच काढून घ्यायला हवी होती. पण सगळे इतके रंगात आलेले. आणि फुगे गरम होते.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी अकरा. हॉल भरलेला. मी पडद्याच्या दोरीशी.

पहिला वार थप्प. दुसरा थप्प. तिसरा — खण्ण!

क्लेटनच्या तलवारीचे दोन तुकडे उडाले. मी ओरडलो, दोरी सोडून धावलो. तोवर सलिलचा चौथा वार सुटलेला. क्लेटनने अडवायला उजवा हात पुढे केला, रिकामा.

टाळ्या! अरे, लोक टाळ्या वाजवत होते! रक्त त्यांना माझं वाटलं — ग्लिसरीनचं, मी बनवतो ते. पुढच्या रांगेतली लुर्दस किंचाळली तेव्हा कळलं त्यांना. मग खुर्च्या उडाल्या. थोरलेवाले, धाकटेवाले, बायकासुद्धा. एकाने एकाचा कान चावला. त्या गर्दीत मी गुडघ्यांवर, रंगमंचावर बोटं शोधतोय. एक मिळालं. दुसरं कोणाच्या तरी बुटाखाली.

सलिल भिंतीला टेकून बसलेला. एवढंच म्हणत होता, "मला वाटलं पडेल फक्त. तलवार पडेल फक्त."

१७ फेब्रुवारी

दोन्ही बोटं गेली. जोडता आली नाहीत.

सलिल पोलिसांकडे. पट्टी आपणच घातली म्हणाला. मला माहीत होतं, हे सांगितलं नाही त्याने.

२३ फेब्रुवारी, रविवार

कोणी आलं नाही. यादी घेऊन दवाखान्यात गेलो. क्लेटनने डाव्या हातात कागद धरला, मोठ्याने वाचला: "भाग वीस. पाट दोन. परात एक. भात खरा, वाफाळता. मीठ खरं. दोघे एका परातीत जेवतात. तलवारी नकोत."

मग कोपऱ्यातली तारीख वाचली, सात वर्षांपूर्वीची. दोनदा.