पाटीच्या निमित्ताने

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या सौ.ची कंबर आता बरी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. पत्र कशाला, फोन कर, असं तू लिहितोस. अरे, फोनवर तू मध्येच ‘अक्का, जरा धर’ म्हणतोस आणि दुसऱ्याच कुणाला तरी आशीर्वाद देऊन येतोस. पाळक झालास म्हणून काय झालं! पत्र कसं, वाचून होईपर्यंत तरी तू माझा असतोस.

दुकानाचं बरं चाललंय. नवे कपडे कुणी शिवत नाही, जुने सैल करून घ्यायला येतात. मालकीणबाई म्हणतात, गाव सुखात आहे की नाही ते आपल्याला कमरेच्या शिलाईवरून कळतं.

आता तुला विचारायचं ते विचारते. आमच्या पाळकांनी उपासनेत जाहीर केलंय की सुवार्ता सांगणं हे एकट्या पाळकाचं काम नाही, प्रत्येक सभासदाने वर्षभरात निदान एक माणूस मंडळीत आणायचा. सगळ्यांनी जोरात आमेन म्हटलं. मीही म्हटलं, आणि घरी येऊन डोक्याला हात लावला. मला चार माणसांत धड बोलता येत नाही. प्रार्थना करायला सांगितली की माझी जीभ टाळूला चिकटते.

माणूस म्हणशील तर डोळ्यांसमोर एकच आहे. आमच्या समोरच्या दारातले पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात एके काळी त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आता सगळे छापील फलक लावतात. बायको गेल्यापासून दिवसभर रेडिओ मोठ्याने लावून एकटे बसलेले असतात. मी सूप नेऊन देते. ते मिठाला नावं ठेवतात आणि भांडं चाटूनपुसून परत करतात. आपल्या मंडळीला ते ‘तुमची कंपनी’ म्हणतात. तुझे दाजी गेल्यापासून मला जिन्यात उभं राहून हसवणारा हा एकच माणूस आहे. त्यांच्याशी हा विषय काढायचा कसा?

उत्तर लवकर लिही. सौ.ला सांग, ओझं उचलू नको.

तुझी अक्का


११ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र आम्ही जेवताना मोठ्याने वाचलं. फोनच्या गोष्टीपाशी आल्यावर ही इतकी हसली की कंबर पुन्हा धरली. त्याचं पाप तुझ्या माथी.

तुझे पाळक बरोबर बोलले. मी उपदेशाच्या वेळी लाकडाच्या चौकटीमागे उभा राहून घसा कोरडा करतो, पण ती चौकट जिने चढून कुणाच्या दारी जात नाही. तू जातेस, सूप घेऊन. जो आधीच येऊन बसलाय त्याला मी सांगणार, आणि ज्याला यायचंच नाही त्याच्याकडे तुझ्यासारखीच पोचणार. बोलता येत नाही म्हणतेस? लहानपणी मला दोन तास उभा-आडवा घेणारी अक्का मग दुसरीच कुणी असेल.

एक युक्ती सुचते. गेल्या वर्षी आलो तेव्हा तुमच्या मंडळीच्या दारावरच्या पाटीचे पोपडे उडालेले पाहिले होते. ते काम पेंटरांना मिळवून दे. माणूस एकदा उंबऱ्याच्या आत आला, गाणी कानावर पडली, चार जण आपुलकीने बोलले, की पुढचं प्रभू बघेल. त्यांना काम मिळेल आणि मंडळीला माणूस. मासा पाण्यात हात घालून धरता येत नाही, अक्का, गळाला काहीतरी लावावं लागतं.

महिला सभेत त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांग. काय होतं ते कळव.

तुझ्या मायेवर वाढलेला,
धाकटा


२० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझी युक्ती लागू पडली! मंडळीच्या पंचांनी आधी कुरकुर केली, छापील फलक एका दिवसात येतो म्हणाले. मी कधी नव्हे ते उभी राहिले आणि म्हटलं की छापील फलक कुणी थांबून वाचत नाही. मग त्यांनी होकार दिला.

पेंटरांना सांगायला गेले तर त्यांनी रेडिओ बंद केला. बंद केला, ऐकतोस ना? कोणी सुचवलं, असं विचारलं. मी म्हटलं, मीच, तुमचं अक्षर मला फार आवडतं. ते खोटं नव्हतं, धाकट्या. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानावर त्यांची जुनी पाटी आहे, तिच्याकडे बघत मी कितीदा बस चुकवली आहे.

मग त्यांनी शिडी लावली. जुना रंग खरवडला, लाकडाच्या भेगा लांबीचा लगदा भरून बुजवल्या, आणि मग नुसता खडूचा आराखडा करण्यात किती दिवस घातले! ‘सर्वांचे स्वागत’ यातल्या पहिल्या ‘स’साठी तीनदा खाली उतरून रस्त्यापलीकडून बघून आले. म्हणाले, हे अक्षर घट्ट काढलं तर आत येणाऱ्याला पोटात कळतं की स्वागत खरं नाही.

संध्याकाळी आत गाण्याचा सराव चाले तेव्हा ब्रश धुवायचं निमित्त करून ते दारात रेंगाळत. एकदा शेवटच्या बाकावर टेकले. जिना चढताना मला विचारलं की शत्रूला क्षमा करायची म्हणजे त्याला पुन्हा घरात घ्यायचं का? त्यांचं आणि मेव्हण्याचं वाजलेलं आहे. मी म्हटलं, मला नीट सांगता येणार नाही, पण मी माझ्या नणंदेला घेतलं होतं. त्यावर आम्ही त्यांच्या दारात कितीतरी वेळ बोलत उभे होतो. मी उपदेश केला नाही. माझंच सांगितलं, कसं जमलं, कसं जमलं नाही. जीभ कुठेही अडकली नाही. सुवार्ता सांगणं म्हणजे हेच असेल तर मी उगीच इतकी वर्षं घाबरले.

येत्या रविवारी ते उपासनेला येणार आहेत. आपणहून म्हणाले. त्यांच्या कोटाच्या बाह्या मी आखूड करून दिल्यात.

प्रार्थना करत राहा. इकडून माया आहेच.

तुझी अक्का


२९ मार्च

चि. धाकट्यास,
आ. वि. वि.

आज गंमत सुचत नाही.

ते आले होते. दाढी करून, नखांतला रंग घासून. माझ्या शेजारी बसले. पहिल्या गाण्याला पुस्तक मी धरलं आणि ते हळूच गुणगुणले. मग सूचनांच्या वेळी थोरले पंच उठले. म्हणाले, आज आपल्यात एक नवे बंधू आहेत, त्यांनी उभं राहावं. ते उभे राहिले. मला वाटलं, पाटीचं कौतुक होईल. पंच म्हणाले, आमच्या शिंपीण ताई बोलायला लाजाळू, पण बघा कशी शक्कल काढली! पाटीच्या निमित्ताने त्यांनी हा आत्मा आत आणला. महिला सभा दीड महिना प्रार्थना करत होती. प्रत्येकाने असा एक जण आणला तर हे घर भरून जाईल. आणि टाळ्या, धाकट्या. लोकांनी प्रेमानेच वाजवल्या.

मी मान वर केली नाही. ते तसेच उभे होते. बसा म्हणायचं कुणाला सुचलंच नाही.

ते मध्येच उठून गेले नाहीत. उपासना संपेपर्यंत बसले, पंचांशी हात मिळवला. जिन्यात मात्र थांबले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं की पाटीचं काम अक्षर आवडलं म्हणून दिलं होतं की मला आत आणायला? मी म्हटलं, दोन्ही. त्यांनी विचारलं, आणि सूप? मी म्हटलं, सूप नुसतं सूप होतं. तेव्हा ते म्हणाले की आता ते मला कसं कळायचं, बाई?

आणि दार लावून घेतलं.

महिला सभेत मीच सांगितलं होतं. तू सांग म्हणालास म्हणून. तुझ्यावर ढकलत नाही, तोंड माझंच होतं. पण गळाला लावायची गोष्ट तू लिहिलीस तेव्हा मी हसले होते, त्या हसण्याची आता लाज वाटते. त्या माणसाला वाटलं होतं की इतक्या वर्षांनी कुणाला तरी त्याचा हात हवा आहे. तो खरंच हवा होता. हे आता कुठल्या तोंडाने सांगू?

अक्का


७ एप्रिल

ती. अक्कास,
सलाम वि. वि.

पत्र या वेळी मी मोठ्याने वाचलं नाही. हिने माझं तोंड बघून विचारलं, तेव्हा तिच्या हातात दिलं. वाचून ती एवढंच म्हणाली की अक्कांच्या हातून जे आपोआप होत होतं त्याला तुम्ही चाकं लावायला गेलात.

खरं आहे. तू सूप नेत होतीस तेच पुष्कळ होतं. मी दुरून बसून त्यात गळ घातला. आम्हा पाळकांना माणूस दिसला की रिकामा बाक दिसतो, अक्का. परवाच्या रविवारी एक नवं जोडपं आलं होतं. ओळख करून द्यायला मी हात वर केला आणि तुझे पेंटर उभे दिसले. हात खाली घेतला. ती दोघं शांतपणे बसली, शांतपणे गेली. नावही विचारलं नाही मी, आणि मग वाटलं, हेही चुकलं का? तीस वर्षं हे काम करतोय, पण कुणापुढे कसं उभं राहायचं ते मला कळलेलं नाही.

तू त्यांच्याकडे जा. शास्त्र नेऊ नकोस, माझं समर्थन नेऊ नकोस. युक्ती माझी होती हे मात्र जरूर सांग. ते मला शिव्या देतील, त्या मला लिहून पाठव.

तुझा,
धाकटा


१६ जून

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

दार उघडलं. किती खेपा घातल्या ते सांगत नाही.

मी माफी मागितली. युक्ती तुझी होती हेही सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या भावाने कोळ्याचा धंदा करावा, पाळकाचा त्याला झेपत नाही. शिव्या मागवल्या होत्यास, ही घे.

पण त्यांनी एक अट घातली. येत जा, बसत जा, मेव्हण्यापासून महागाईपर्यंत काय वाटेल ते बोला, फक्त देवाचा विषय या दारात नको. शब्द द्या. मी दिला. दुसरं काय करणार होते? आता भांडं पूर्वीसारखं जातं-येतं. हसणंही होतं. पण मध्येच ते काहीतरी विचारायला तोंड उघडतात आणि विषय बदलतात, मीही बदलते. ज्या गोष्टीवर मी जगते तेवढीच एक गोष्ट सोडून आम्ही सगळं बोलतो. हल्ली त्यांना फार खोकला येतो. डॉक्टरकडे जा म्हटलं तर मिठाचा विषय काढतात.

तुम्ही दोघं जपून राहा.

तुझी अक्का


३० सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

पेंटर गेले. इथे नाही, त्यांच्या परगावच्या मुलीच्या घरी. सगळं सांगते, मध्ये थांबले तर समजून घे.

ऑगस्टमध्ये त्यांच्या फुप्फुसात पाणी झालं. मी दुकान सुटलं की दवाखान्यात जाऊन बसायची. खिडकीतून समोरच्या हॉटेलची छापील पाटी दिसे, तिला नावं ठेवण्यात त्यांचा वेळ जाई. एके दिवशी त्यांनी त्या पाटीकडे बघितलंही नाही. त्यांनी मला विचारलं की तुम्ही लोक आजारी माणसाजवळ बसता तेव्हा काय म्हणता?

धाकट्या, मला तो दिलेला शब्द आठवला. वाटलं, हे मला जोखताहेत. मी म्हटलं, औषध घेतलं का, असं म्हणतो. ते हसले, खोकले. मग खिडकीकडे वळून म्हणाले, शब्दाला पक्क्या आहात. मला बरं वाटलं रे! शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. त्यांचं पांघरूण नीट केलं आणि निघाले.

बसमध्ये बसले तेव्हा कळलं त्यांनी काय मागितलं होतं. पुढच्या थांब्यावर उतरून परत गेले, तर भेटीची वेळ संपली म्हणून फाटकावरच्या माणसाने सोडलं नाही. मी विनवण्या केल्या, पण नियम म्हणजे नियम. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले तेव्हा खाट रिकामी होती. मुलीने पहाटेच गाडी करून त्यांना आपल्याकडे नेलं होतं. पत्ता मिळवून मी पत्र टाकलं, त्याला उत्तर आलं नाही.

गेल्या आठवड्यात ती मुलगी खोली रिकामी करायला आली. पत्र पोचलं होतं म्हणाली, पण तोवर त्यांना काही कळत नव्हतं. त्याआधी शुद्धीत असताना त्यांनी दोनदा माझं नाव काढलं होतं. त्या बाईंना एक विचारायचं राहिलं, म्हणाले, पण मीच त्यांच्या तोंडाला कुलूप लावून ठेवलं. मुलीने मला विचारलं की कसलं कुलूप? मी सांगितलं. ती पेटीवर बसून ऐकत होती. रागावली नाही. म्हणाली, बाबा हट्टी होते, तुम्ही तो शब्द मोडायला हवा होता.

हो, मोडायला हवा होता. आधी नको तिथे बोलले, आणि मग बोलायचं तिथे गप्प बसले. दोन्ही वेळा मला वाटलं की मी चांगलंच वागतेय. तू शास्त्रातून मला क्षमा शोधून पाठवशील हे मला ठाऊक आहे. पाठव, मी वाचीन. पण थोडे दिवस थांब.

समोर आता नवे भाडेकरू आले आहेत. कोवळं जोडपं, महिन्याचं बाळ, रात्रभर रडतं. काल मी त्यांच्याकडे सूप घेऊन गेले. त्या मुलीने दार अर्धंच उघडून विचारलं, काय काम आहे? मी म्हटलं, समोर राहते, बाळ झोपलं असेल तर तू जेवून घे. तिने भांडं घेतलं आणि दार लावलं. मी महिला सभेत काही सांगितलेलं नाही. पाळकांनाही नाही. तिने कधी काही विचारलंच, तर मात्र मी भांडं खाली ठेवून तिथेच उंबऱ्यावर बसणार आहे, आणि उत्तर देऊन होईपर्यंत उठणार नाही.

तुझी माया कमी होऊ देऊ नकोस, सध्या ती मला रोज लागते.

तुझी,
अक्का