रसायनशास्त्राला उरलेला वेळ

बोतोशानी, ३ मे २०१९

प्रिय आई,

ख्रिस्त उठला! ईस्टरच्या रात्री फोनवर तू हे कुजबुजून म्हणालीस, कारण सिन्योरा इर्मा शेजारच्या पलंगावर झोपली होती. म्हणून मी इथे मोठ्यांदा लिहिते आहे. तूही वाचताना मोठ्यांदा ‘खरोखर उठला’ असं म्हण. तू सांभाळतेस त्या म्हातारीला काय, तसंही कमीच ऐकू येतं.

मी मजेत आहे. उद्या नेलूकाकांची मिनीबस तिकडे यायला निघेल, तिच्यातून खोकं पाठवते आहे. त्यात मेंढीचं चीज आहे, खारवलेली कोबीची पानं आहेत आणि सावेतामावशीने जाण्याआधी करून ठेवलेली वांग्या-मिरच्यांची चटणी आहे. मागच्या खेपेला खोकं उचलताना नेलूकाका म्हणाले, “काय गं पोरी, तुझी आई तिथे उपाशी राहते की काय? दर वेळी कोबी!” मी म्हटलं, “जेवते हो, पण इटालियन.” ते एवढे हसले की मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

मावशीचं सुचावाला बरं चाललंय. नात रात्रभर रडते म्हणे. मावशी इथे होती तेव्हा दिवसभर तिचा रेडिओ चालायचा आणि मी चिडायचे. आता घरात आवाज नाही, तर अभ्यास जोरात व्हायला हवा होता.

होतोय. जीवशास्त्र पाठ आहे. अडतं ते वेळेशी. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र एकाच बैठकीत, एकाच पुस्तिकेत असतं. कुठल्या विषयाला किती वेळ द्यायचा ते आपलं आपण ठरवायचं. मला ते ठरवता येत नाही. जीवशास्त्रात एखादा प्रश्न अडला की माझा पाय तिथून निघत नाही, आणि रसायनशास्त्राच्या गणितांपर्यंत पोचते तेव्हा लोक पेनाची टोपणं लावत असतात. हुत्सानू सर परवा माझ्या बाकापाशी येऊन उभे राहिले. “स्मारांदाबाई, हा प्रश्न तुम्हाला मागणी घालणार आहे का? नाही ना? मग त्याला रामराम करा आणि पुढे व्हा!” सगळा वर्ग हसला. मीही हसले.

सिन्योराला नमस्कार सांग. तुझी कंबर कशी आहे ते खरं खरं कळव.

तुझी,
स्मारांदा


बोतोशानी, १२ जुलै २०१९

प्रिय आई,

बारावीच्या बोर्डाचे मार्क फोनवर सांगितलेच. तू आनंदाने ओरडलीस आणि मग लगेच “थांब हं, तिला औषध द्यायचंय” म्हणून फोन ठेवलास. मी पुढे सांगणार होते की हुत्सानू सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तर मारली.

आता खरी परीक्षा. पुढच्या आठवड्यात याशला जाते. सरांच्या ओळखीच्या एक बाई स्टेशनजवळ खोली देतात, तिथे उतरेन. सरांनी मला वेळेची शिस्त लावून दिली आहे. पहिल्या फेरीत फक्त येतं तेवढंच सोडवायचं, विचार करावा लागला की खूण करून पुढे जायचं. जीवशास्त्राची पहिली फेरी झाली की लगेच रसायनशास्त्राला हात घालायचा, अडलेलं सगळं शेवटी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुस्तिकेचं एक पान संपलं की त्याची उत्तरं तेव्हाच्या तेव्हा उत्तरपत्रिकेवर उतरवायची. मार्क उत्तरपत्रिकेला मिळतात, पुस्तिका कुणी उघडूनही बघत नाही. सर म्हणतात, “शेवटी एकदमच उतरवू म्हणणारे शहाणे दर वर्षी माझ्या दारात रडत येतात. तू येऊ नकोस, माझ्याकडे रुमाल शिल्लक नाहीत.”

वर्गात हे जमतं. घरी बसून सराव करते तेव्हा नाही जमत. ओव्हनचं घड्याळ लावून स्वयंपाकघरात बसते. समोरच्या बिल्डिंगमध्ये लोक जेवायला बसलेले दिसतात. मग अडलेला प्रश्न सोडणं माझ्या जिवावर येतं.

का येतं, ते मी सरांना सांगितलेलं नाही, तुला सांगते. नाताळात तू म्हणाली होतीस, फुकटची जागा मिळाली की मी त्याच आठवड्यात बॅग भरते, आणि फीची जागा मिळाली तर काय करणार बाई, अजून सहा वर्षं काढीन इथेच. तू सहज बोललीस. पण तेव्हापासून प्रत्येक प्रश्नात मला तू दिसतेस. एक प्रश्न सोडला की वाटतं, हिला मी अजून थोडे दिवस तिकडेच ठेवलं. मूत्रपिंडाचा प्रश्न सोडवताना असा विचार करणारी मुलगी डॉक्टर कशी होणार, सांग!

परवा तू फोन ठेवायला विसरलीस. तू सिन्योराचे केस विंचरत होतीस आणि तिला काहीतरी सांगून हसवत होतीस. मी कितीतरी वेळ ऐकत बसले. तू गेलीस तेव्हा मी चौथीत होते आणि तेव्हापासून माझी वेणी मीच घालते. ही तक्रार नाही.

नाही, तक्रारच आहे. पण राहू दे, लिहून झालं.

माझ्यासाठी तिथल्या देवळात मेणबत्ती लाव. तिथलं देऊळ कॅथलिक आहे, पण देवाला चालत असावं.

तुझी,
स्मारांदा


बोतोशानी, २६ जुलै २०१९

आई,

मंगळवारी मी फोनवर म्हटलं, “मला प्रवेश मिळाला.” तू रडलीस, मग सिन्योरा रडली, मग तिची मुलगी मागून “ब्रावा, ब्रावा” म्हणून ओरडली. तुझी जागा घ्यायला त्यांनी दुसरी बाई बघून ठेवली आहे आणि नेलूकाकांच्या बसमधली पुढची सीट तू सांगून ठेवली आहेस, हेही तू त्याच दमात सांगितलंस. आज खोकं द्यायला गेले तर काका म्हणाले, “पुढच्या खेपेला कोबी नाही, कोबीवालीच आणतो बघ! हार-बिर घेऊन उभी राहा.”

आई, मला प्रवेश मिळाला होता हे खरं आहे. पण फुकटच्या यादीत नाही, फीच्या.

परीक्षेच्या सकाळी घरमालकीण बाई फाटकात शकुनाची भरलेली बादली घेऊन उभ्या होत्या. “भरल्या बादलीवरून चाललीयेस पोरी, रिकाम्या हाताने येऊ नकोस,” म्हणाल्या. मी सरांनी सांगितलं तशीच सुरुवात केली. पहिली फेरी वेळेत झाली, रसायनशास्त्रही वेळेत हाती घेतलं. गणितं सुटत गेली, एकामागून एक. एवढी छान सुटत होती, आई, की उत्तरं उतरवायला थांबावंसं वाटेना. म्हटलं, हे एवढं पान होऊ दे. मग, हे पण होऊ दे. मला तू बसमधून उतरताना दिसत होतीस. घंटा झाली तेव्हा शेवटची पानं फक्त पुस्तिकेत होती. मी पेन टेकवलं तोवर वर्गावरच्या पर्यवेक्षक बाईंनी उत्तरपत्रिका खालून ओढून घेतली. त्या मला रागावल्याही नाहीत. “संपलं, बाळा,” एवढंच म्हणाल्या.

ती उत्तरं बरोबर होती. मी नंतर ताडून पाहिली. ती उतरवली असती तर मी फुकटच्या यादीत बरीच वर असते. सरांच्या दारात मी रडत गेले नाही. फोन केला. ते म्हणाले, “फी भर आणि जागा घे. ही अशी सोडायची नसते.”

काल जागा पक्की करायला याशला गेले. बोर्डाचं मूळ प्रमाणपत्र देऊन आज बारापर्यंत सही करायची होती. रांग पार जिन्यापर्यंत आली होती. माझ्या पुढे एक मुलगी होती, तिची आई तिला फाइलने वारा घालत होती आणि दर थोड्या वेळाने म्हणत होती, “पाणी पी. अगं पी ना.” ती मुलगी वैतागून म्हणाली, “आई, पुरे गं!” मला त्या मुलीच्या कानाखाली मारावीशी वाटली. मग तिच्या आईने मला विचारलं, “तुझ्याबरोबर कुणी आलं नाही का?”

मी रांगेतून बाहेर आले आणि संध्याकाळच्या गाडीने घरी आले. आज बारा वाजता खिडकी बंद झाली. माझी जागा आता माझ्या खालच्या कुणाला तरी गेली असेल.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. एक वर्ष फी भरू, मग मार्क चांगले पडले की फुकटात घेतात. आणि नाही पडले तर अजून एक वर्ष. आणि मग, आता निम्मं झालंच आहे तर. तू तिथे अशीच एकेक वर्ष करत राहिलीस, आई, एकदम कधीच नाही. मंगळवारी खरं सांगितलं असतं तर तू त्याच फोनवर सिन्योराच्या मुलीला म्हणाली असतीस, मी थांबते. म्हणून अर्धंच सांगितलं, आणि उरलेलं आता सांगते आहे, जेव्हा तुला थांबायला कारण उरलेलं नाही. फी कशाची भरणार?

मला डॉक्टर व्हायचं आहे. ते डोक्यातून गेलेलं नाही. पुढच्या जुलैत परत बसेन, सरांनी शिव्या देत का होईना पण शिकवायचं कबूल केलं आहे. पण मी एकटीने अजून एक हिवाळा काढू शकत नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण दर वेळी तू विचारायचीस “बरी आहेस ना?” आणि मी म्हणायचे, मजेत. मी मजेत नव्हते. कधीच नव्हते.

तू चिडशील. इतकी वर्षं परक्याच्या घरी कशासाठी काढली, असं ओरडशील. ओरड, पण फोनवर नको, फोन मी उचलणारच नाही. जे काय बोलायचं आहे ते घरी येऊन, माझ्या तोंडावर, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा बोल. मी एक शब्द उलट बोलणार नाही. फक्त ते संपल्यावर परत जाऊ नकोस.

दाराला कडी न लावता बसलेली,
तुझी स्मारांदा