कालची प्रत

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज धाकटी हसली. किती दिवसांनी!

मी डबा घेऊन वरच्या वॉर्डात गेले तेव्हा उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "ताई, तू दिवसभर त्या गार खोलीत करतेस तरी काय?" या हॉस्पिटलात मी इतकी वर्षं नोकरी करतेय आणि बाईंना आज, इथे पेशंट म्हणून पडल्यावर, हा प्रश्न सुचला!

मग सांगत बसले. हॉस्पिटलची सगळी माहिती एका डेटाबेसमध्ये असते — कोण दाखल आहे, कोणाला कुठलं औषध, कोणाला कशाची ॲलर्जी. त्याच्या आम्ही दोन स्टँडबाय प्रती सांभाळतो. एक पलीकडच्या इमारतीत. मुख्य डेटाबेसमध्ये जे होईल ते लगेच तिच्यातही होतं. मुख्य बंद पडला की ती कामाला लागते. तिला आम्ही जुळी म्हणतो. दुसरी प्रत मात्र मुद्दाम एक दिवस मागे ठेवलेली. ती कालची.

"मुद्दाम मागे? हे कसलं शहाणपण?"

"माणसं चुकतात म्हणून. कोणी भलतंच काही पुसलं, तर जुळीतूनही ते लगेच जातं. कालचीत अजून शाबूत असतं. तिथून परत आणायचं."

ती म्हणाली, "म्हणजे त्या कालचीत मी कालची आहे?"

"हो."

"काल मला कमी दुखत होतं गं. मी तिकडेच राहते. मला नको बाई पुढे आणूस!"

आणि हसायला लागली. हसता हसता कळ आली, तरी हसतच होती. आई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती, तीही हसली. मग धाकटीने माझा चष्मा ओढून काढला, काड्या वाकवल्या, परत घातला. चष्म्याच्या दुकानात नोकरी करून करून तिला कोणाच्या नाकावरचा वाकडा चष्मा सहन होत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरीणबाई बाहेर येऊन माझ्याशी बोलल्या. आत बोलल्या नाहीत. त्यातच काय ते कळलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज जेवलीच नाही. आईने चमच्याने पाणी दिलं. मला म्हणाली, "ताई, तू जा घरी, तुझं तोंड बघवत नाही." अशी बोलते!

१६ फेब्रुवारी, रविवार

आज बरी वाटली. नर्सने सांगितलं, सकाळी दोन घास जास्त खाल्ले. दुपारभर आईशी काहीतरी कुजबुजत होती. मी आत गेले की दोघी गप्प. "काय चाललंय?" विचारलं तर म्हणाली, "तुझ्या लग्नाचं बघतोय." या वयात!

१७ फेब्रुवारी, सोमवार

गेली. दुपारी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

घरात माणसं आहेत. शेजारीण चहा करतेय. सगळे हळू आवाजात बोलतात, आणि मी आतल्या खोलीत दार लोटून लॅपटॉप उघडून बसले होते. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतंय. म्हणून लिहून ठेवते.

मुख्य डेटाबेसमधला प्रत्येक बदल लॉगमध्ये उतरतो. ते लॉग एक दिवस पडून राहतात, मग कालची एकेक करून ते स्वतःत घेते. म्हणजे काल दुपारी त्या नर्सने जे नोंदवलं, ते आज दुपारी कालचीत उतरणार होतं. तोवर धाकटी तिथे होती. वॉर्ड, खाटेचा नंबर, स्थिती: दाखल.

मी कालची थांबवली.

एका ओळीचं काम. हजारदा केलेलं — डिस्क बदलताना, सर्व्हर अपडेट करताना. लॉग येत राहतील, साठत राहतील, फक्त कालची ते घेणार नाही. टीमला धोक्याची सूचना जाऊ नये म्हणून तीही बंद केली. 'देखभालीसाठी' असं कारण टाकलं.

फक्त आजच्या दिवसापुरतं. उद्या चालू करते.

दार उघडून बघते तर आई उभी. कधीपासून, देव जाणे. "झालं?" म्हणाली. मी म्हटलं, "हो, ऑफिसचं जरा होतं." ती परत गेली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चालू नाही केली.

आईने चहाचे तीन कप काढले. मग तिसरा परत ठेवला नाही. तसाच रिकामा, बशीसकट, ओट्यावर. मीही उचलला नाही.

आई विचारत होती, "तुझ्या त्या मशीनचं सगळं ठीक ना?" आजवर कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, आहे ठीक. ती "बरं" म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली. माणूस दुःखात काहीबाही विचारतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कामावर गेले. लिफ्टने गेले नाही, लिफ्ट तिच्या वॉर्डावरून खाली येते.

आमच्या टीममधला गुरुजी — कुठल्याही विषयावर प्रवचन देतो म्हणून हे नाव — आज प्रवचन न देता माझ्या टेबलावर बिस्किटांचा पुडा ठेवून गेला. दुपारी मात्र स्क्रीनकडे बघून म्हणाला, "मॅडम, आपली कालची बरीच मागे दिसतेय. कालची म्हणता म्हणता गेल्या आठवड्याची झाली की काय!"

"डिस्कचं काम आहे. मी बघतेय."

"मी करू का? तुम्ही कशाला आता..."

"मी बघतेय म्हटलं ना!"

फार जोरात बोलले. जुने लॉग दहा दिवसांनी आपोआप पुसले जातात. तो गेल्यावर मी तेही थांबवलं. पुसले गेले असते तर कालचीला पुढे येताच आलं नसतं, सगळी प्रत नव्याने बांधावी लागली असती. आणि नव्या प्रतीत धाकटी कुठली?

काय करतेय मी हे?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

चष्मा वाकडा बसतोय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

रोज जाते बघायला. कालची नुसती वाचण्यापुरती उघडता येते. काही बदलता येत नाही, वाचता येतं. पेशंटची माहिती अशी बघायचा मला अधिकार नाही. तरी बघते.

शेवटची पूर्ण नोंद नर्सची, रविवारची. 'झोप बरी. सकाळी दोन घास जास्त घेतले. वेदना: थोड्या.' त्याच्याखाली सोमवारच्या सकाळच्या दोन-चार ओळी, नुसत्या आकड्यांच्या. मग काही नाही.

पहिल्या दिवशी वाचून बरं वाटलं होतं. आज वाटलं — मी रोज येते आणि ती रोज तेच दोन घास जास्त खाते. तिसरा खात नाही. "ताई, आज उशीर केलास?" म्हणत नाही. थोड्या वेदना आहेत त्या आहेतच, त्या मी किती दिवस चालू ठेवणार?

३ मार्च, सोमवार

आज कालची पुन्हा चालू करायची ओळ टाइप केली. एंटर मारायचं राहिलं. पुसली.

घरी आल्यावर आईने परत विचारलं, "मशीन?" एवढंच. मी म्हटलं, "आई, तुला काय करायचंय मशीनचं?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच मान खाली घातली. काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "भात लावते."

६ मार्च, गुरुवार

आजचं लिहायला हवं.

सकाळी औषध विभागाच्या माणसाने यादीत दुरुस्ती करायला घेतली. एका पेशंटची ॲलर्जीची नोंद बदलायची होती. कोणाची बदलायची हे सांगणारी अट लिहायची राहिली. एका झटक्यात सगळ्या हॉस्पिटलच्या ॲलर्जीच्या नोंदी कोऱ्या! जुळी उघडली, ती तर सख्खी जुळीच. तीही कोरी.

मोठे साहेब धावत खाली आले. पण चेहऱ्यावर घाबरल्याचं नव्हतं. "कालची आहे ना? मग झालं तर! एवढ्याचसाठी तर पोसतो तिला. मॅडम, किती वेळ? अर्धा तास?"

गुरुजीने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "संध्याकाळ होईल."

"संध्याकाळ? एका दिवसाच्या लॉगला?"

"एका दिवसाच्या नाही. ती सतरा फेब्रुवारीवरच थांबलेली आहे. मी थांबवलीय."

साहेबांनी कारण विचारलं नाही. बहुतेक तारीख ऐकूनच कळलं. एवढंच म्हणाले, "आधी काम. बाकीचं नंतर." आणि वॉर्डावॉर्डात फोन करायला गेले — औषध देण्याआधी प्रत्येकाला तोंडी विचारा, कागदावर लिहा.

चुकीच्या अगदी आधीच्या क्षणापर्यंत कालचीला आणायची, आणि तिथे थांबवायची. पुढे गेली की तीही कोरी. मी ओळ टाइप केली. या वेळी एंटर मारलं.

एकेक लॉग जायला लागला. पहिल्या काहींतच तिची दुपार होती. कुठल्या लॉगमध्ये ते मला माहीत होतं. स्क्रीनवर नुसता नंबर आला आणि त्याच्या जागी पुढचा नंबर आला. आवाज नाही, काही नाही. माझ्या हाताने गेली. मी खुर्चीतून उठले नाही, उठता येत नव्हतं. सगळे बघत होते.

गुरुजीने पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि पाठ करून उभा राहिला, दरवाजाकडे तोंड करून. कोणाला आत येऊ देत नव्हता. "काम चालू आहे" म्हणत होता.

दुपारी वरून फोन आला. एका आजींना इंजेक्शन दिलं गेलं, जे त्यांना चालत नव्हतं. आजींना कानाने कमी, नर्सने विचारलेलं कळलंच नाही. मानेपर्यंत सूज, श्वास लागला. नर्स जवळच होती म्हणून निभावलं. निभावलं!

अर्ध्या तासात नोंदी परत आल्या असत्या, तर इंजेक्शनच्या आधी आल्या असत्या.

अंधार पडता पडता कालची हव्या त्या क्षणाला पोचली. नोंदी काढल्या, मुख्य डेटाबेसमध्ये भरल्या, तपासल्या. मग शेवटचं एकदा धाकटीची नोंद उघडली. स्थिती: मृत. आणि तिच्या खाटेवर आता दुसरंच कोणी. बऱ्याच दिवसांपासून.

७ मार्च, शुक्रवार

साहेबांना सगळं लिहून दिलं. काही लपवलं नाही. नोंदी चोरून बघितल्याचंही लिहिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, डोळे चोळले. "तुम्ही रजा मागितली असती तर महिनाभर दिली असती हो. हे असं का?"

रजेत ती नव्हती.

चौकशी होईल. तोवर कालची गुरुजीकडे. माझा पासवर्ड माझ्यासमोर बंद केला त्याने, आणि म्हणाला, "मॅडम, मला पहिल्या दिवशीच साहेबांना सांगायला हवं होतं. दया दाखवायला गेलो." आज प्रवचन नाही, पण यापेक्षा प्रवचन परवडलं असतं.

मग वर गेले. लिफ्टने. आजी बसल्या होत्या, चेहरा अजून सुजलेला. मी जवळ जाऊन मोठ्याने सांगितलं की चूक माझी होती.

"तू डॉक्टर का गं?"

"नाही. खाली कॉम्प्युटरवर असते."

"काय?"

"कॉम्प्युटर!"

"मग रडतेस कशाला? सूज उतरतेय की!" आणि हात लांब करून मला जवळ ओढलं. म्हणाल्या, "चष्मा केवढा वाकडा झालाय तुझा. घरी कोणी सांगत नाही का?"

८ मार्च, शनिवार

सकाळी आईला सगळं सांगितलं. वाटलं, तिला समजावायला वेळ लागेल.

ती ओट्यावरचा तिसरा कप विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "मला ठाऊक होतं. त्या रविवारी तीच म्हणाली होती मला — आई, मी गेले की ताई मला तिकडे थांबवून धरेल. एक दिवस धरू दे. मग तिला सांग, धाकटीने सांगितलंय म्हणून सांग, की मला सोड."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

आईने कप पुसला. कितीतरी वेळ पुसत राहिली.

"रोज सांगणार होते गं. पण म्हटलं, आणखी एक दिवस असू दे."