फुलपाखरांचं घर

१२ जानेवारी १९२५
मिळालं! नदीकाठच्या शेडमधलं काम मला मिळालं. पेट्रोलमध्ये घालायचं शिशाचं औषध तिथे बनतं. थोडंसं घातलं की इंजिनची ठकठक बंद. मुकादमानं स्वतःची गाडी चढावर नेऊन दाखवली — मांजरासारखी गेली! पगारही जास्त. म्हणजे ईस्टरआधीचे उपास लागायच्या आत विल्माशी लग्न!

शेडच्या वाटेवर जुन्या कामगारांनी टोप्या काढल्या. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला असाच निरोप देतात म्हणे. एकानं विचारलं, "नवरदेव, शवपेटीवर फुलं कुठली घालायची?" सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

१३ जानेवारी
शेडला सगळे 'फुलपाखरांचं घर' म्हणतात. तिथे फार दिवस राहिलेला माणूस नसलेली फुलपाखरं पकडायला लागतो. विल्माच्या कानावर हे गेलंच. "पहिलं दिसलं की त्याच दिवशी काम सोडायचं. घे शपथ." घेतली. भीती तिच्याहून मलाच जास्त. आत जाण्यापूर्वी हातमोजे उलटे करून, कुठे भोक नाही ना ते तपासतो.

२९ जानेवारी
शेजारच्या टाकीवरच्या इग्नाकला आज घेऊन गेले. डबा खाता खाता हवेत हात मारायला लागला. मुकादम म्हणाला, "कालची उतरली नाही वाटतं." इग्नाक तर पीतच नाही. जाताना माझी बाही धरून म्हणाला, "पिवळी आहेत रे, काळ्या किनारीची. तुझ्या टोपीवर बघ." टोपी झटकून पाहिली. काही नव्हतं. मग लाज वाटली.

८ फेब्रुवारी
झोप जवळजवळ लागतच नाही, पण थकवा म्हणून नाही! उजाडायच्या आत आमच्या नव्या खोलीची भिंत रंगवून टाकली. घरमालकीण हुडाककाकू ओरडल्या, "अरे दीडशहाण्या, कोंबड्याला तरी उठू दे!" डोकं इतकं लख्ख कधीच नव्हतं. आयुष्यभर मी झोपेत वेळ घालवला!

१४ फेब्रुवारी
विल्मा म्हणाली, "जेवत का नाहीस?"
"आनंदानं पोट भरलंय."
"आणि हात का थरथरतोय?"
"लग्न आहे माझं."
ती हसली नाही. "काही दिसलं का?"
"तू दिसतेस."
खरंच दुसरं काही दिसलं नव्हतं. रोज नीट बघतो.

१९ फेब्रुवारी
परवा लग्न! बाहेर बर्फ पडतो आहे. खिडकीच्या फटी मीच कागदानं बंद केल्या आहेत. तरी तारीख लिहायला थांबावं लागलं, ते पानावरची जागा सोडेना. पिवळं. काळी किनार. इग्नाक खोटं बोलत नव्हता. किती सुंदर आहे!

विल्मा खाली काकूंबरोबर लग्नाच्या शेवया करते आहे. तिला हाक मारली. जिना चढते आहे. ती येईपर्यंत हे उडून जाऊ नये.