एजंटांसाठी शहापुरी खरेदीचे नियम

शहापूर, बेळगाव
शुक्रवार

तीर्थस्वरूप सौ. विद्युल्लता आक्कास,
धाकट्या रघुवीरचा साष्टांग नमस्कार. इकडे माझा गुडघा सोडून सगळे खुशाल आहोत. तुझा खोकला ज्येष्ठमधाने थांबला का? भाऊजींचं सकाळचं फिरणं चालू आहे ना? (ते चहाच्या टपरीपर्यंतच असतं हे मला ठाऊक आहे, पण तेही वाईट नाही.) फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता हूं म्हणतो. जोतिबा गुरुजी आज निपाणीला येताहेत, त्यांच्या हाती देतो.

तर तुझा हा भाऊ निवृत्तीनंतर सहा वर्षांनी पुन्हा लिहिता झाला आहे. आमच्या सुहासने पुण्याची नोकरी सोडून इथे काय उद्योग मांडला आहे, हे तू मला दर वेळी विचारतेस आणि मी विषय बदलतो. आता मला समजलं आहे. लोक हल्ली स्वतः बाजारात हिंडत नाहीत. फोनमधल्या एआय मदतनिसाला सांगतात, अमुक शोधून आण. त्या मदतनिसाला एजंट म्हणतात (विम्याचा नव्हे). सुहासने या एजंटांसाठी दुकानातला माल शोधायचं साधन केलं आहे आणि ते कसं वापरायचं याची माहिती लिहून ठेवावी लागते. एजंट ती वाचतो आणि शब्दन् शब्द पाळतो. पस्तीस वर्षं शिकवूनही असा विद्यार्थी मला कधी मिळाला नव्हता, म्हणून ते काम मी मागून घेतलं.

सुहासचा कच्चा मसुदा अगदीच कोरडा होता: रंग द्या, लांबी द्या, उत्तर मिळेल. असं कुठे साडी घेतात का? बायकोच्या मागे पिशवी धरून शहापुरातली दुकानं पालथी घालून मिळवलेलं ज्ञान मी त्यात ओतलं. पहिल्या ढिगातली साडी घेऊ नये. 'आणखी दाखवा' असं तीनदा म्हणावं. आवडलेलीकडे फार बघू नये. मग ती टोपलीत टाकून (घ्यायचा माल बाजूला ठेवतात त्याला तिथे टोपली म्हणतात) दाराशी जावं आणि दुकानदार परत बोलावीपर्यंत थांबावं. सुहासने हे न वाचताच चढवलं. बापावर विश्वास आहे त्याचा.

या साधनावर माल ठेवायला सध्या एकटी शालूबाई तयार आहे, आपल्या गल्लीतली, दोन मागांची मालकीण. बाकीचे दुकानदार तिचं काय होतं ते बघताहेत. मंगळवारी ती तरातरा घरी आली. "मास्तर, तीनशे गिऱ्हाइकं आलती. समद्यांनी साड्या उपसल्या, टोपलीत टाकल्या आणि दारात जाऊन हुबी ऱ्हायली. त्यास्नी परत बोलवू कसं? कान हाईत व्हय त्यास्नी?" खरंच, त्या साधनात परत बोलवायची सोयच नव्हती. ही सुहासची चूक, माझी नव्हे. जाताना तिने बजावलं, "रविवारपतोर एक तरी साडी गिऱ्हाइकाच्या घरात ऱ्हायली पायजे. परत आलेली मी विकलेली धरत न्हाय. न्हायतर माझं नाव काढा."

सुहास माझ्यावर चिडला नाही. पुण्याच्या जुन्या साहेबाला फोन करून जागा आहे का, एवढंच त्याने विचारलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. आक्का, तो सात वर्षं पुण्यात होता तेव्हा हे घर मला खायला उठायचं. तो पुन्हा जायला नको आहे मला.

पण तुझा भाऊ हातावर हात ठेवून बसणारा नव्हे. मी लगेच एक ओळ वाढवली: कोणी बोलावलं नाही तर दोन मिनिटांनी आपणच आत यावं, एवढ्या घड्या मोडायला लावून रिकाम्या हाताने जाणं आपल्यात बसत नाही. बुधवारी दुपारी पहिली साडी खपली. त्यानंतर सुहासने माझे सगळे नियम काढून टाकले ते सोड. (घेण्याआधी एजंटाने आपल्या फोनच्या मालकाला विचारावं, असं त्याचं नवीनच मत झालं आहे.) साडी खपली ती माझ्या ओळीमुळे, हे त्यालाही नाकारता आलं नाही.

भाऊजींना नमस्कार, तुझ्या सूनबाईला, ऋचाला आशीर्वाद.

तुझा,
रघुवीर

ता. क. पार्सल पोस्टात द्यायला मीच गेलो होतो, म्हणून नाव दिसलं. साडी तुझ्याकडेच येते आहे. ऋचाने तुझ्या फोनमधल्या एजंटाला 'नुसत्या दाखव' म्हटलं असणार. त्याने माझी ओळ वाचली आणि त्याला रिकाम्या हाताने परतणं जमलं नाही. त्याला बोल लावू नकोस. पैशाचं मी बघतो.

आणखी एक. रंग वांगी आहे. तुला तो चालत नाही, आणि लग्नापासून आलेली एकही साडी तू बदलून आणल्याशिवाय नेसली नाहीस, माझी भाऊबीजेचीसुद्धा. गिऱ्हाईक आपली आत्याच आहे, हे सुहासला मी सांगितलेलं नाही. काल जेवून उठताना तो शीळ घालत होता, पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदा. आक्का, एवढी एक साडी घरात राहू दे.