जानव्याची किल्ली

८ जानेवारी १९८४, रविवार

सरोजिनी दर रविवारसारखी आज आली, आणि परत त्याच विषयावर. "बाबा, आईचं कपाट एकदा उघडून बघा तरी." लेक माझीच, पण कावा मला कळतो — साड्या काढायच्या, वाटायच्या, कपाट मोकळं! श्यामलाला जाऊन दोन वर्षं होताहेत, तेवढ्यात घाई. म्हटलं, किल्ली माझ्या जानव्याला आहे आणि तिथंच राहील. "आंघोळीलासुद्धा?" आंघोळीलासुद्धा. ती चहाचे कप घेऊन आत गेली.

खरं सांगायचं तर मीही ते उघडलेलं नाही. उघडलं तर तिचा वास उडून जाईल असं वाटतं. वास कसला — डांबरगोळ्यांचा! पण हे आपलं इथल्यापुरतं.

उद्या पहाटे शेजारच्या अनंतबरोबर अष्टविनायकाला निघायचं. पायी. वय सदुसष्ट. अनंत म्हणाला, "गुडघे तुझे, जबाबदारी तुझी."

९ जानेवारी, वाघोली

येरवड्यापर्यंत ऐटीत, पुढे लंगडत. गेनबा म्हणून एक शेतकरी आहे, त्याच्या विहिरीत उतरून आंघोळ केली. पाणी बर्फ. टाचेला फोड आलाय. अनंत घोरतोय आणि मी पराक्रमी पुरुष पायांना तेल चोळतोय.

११ जानेवारी, रांजणगाव

किल्ली नाही.

१२ जानेवारी

काल एवढंच लिहवलं. देवळात जाण्याआधी सदरा बदलायला काढला, जानवं चाचपलं — किल्लीची गाठ सुटलेली. माझी पिशवी उलटी केली. मग अनंतची केली. किल्ली नाही, पण लाडू निघाले — मला पत्ता लागू न देता आणलेले! विहिरीतच पडली असणार.

अनंत म्हणाला, "पुण्यात पैशाला पासरी किल्लीवाले आहेत. चल पुढं." त्याची बायको जिवंत आहे, ठणठणीत आहे, त्याला बोलायला काय जातं? हे मी त्याला तोंडावर सांगितलं. फार वाईट भांडलो. तो सिद्धटेकच्या वाटेला लागला, मी उलटा वाघोलीला. लोक चालत देवाला जातात, मी चाललोय विहिरीला.

१४ जानेवारी, वाघोली

गेनबानं विहिरीत गळ सोडला. आधी एक बादली आली. मग तांब्या. मग बैलाची साखळी. मग आणखी एक बादली. अख्ख्या वाघोलीच्या वस्तू सापडल्या, माझी किल्ली सोडून. शेजारपाजारच्या बायका येऊन आपापलं ओळखून घेऊन गेल्या. एक तर म्हणाली, "बरं झालं बाबा, तुमचं काय तरी पडलं."

संक्रांत आहे, हे तिळगूळ हातावर पडल्यावर कळलं. दिला गेनबाच्या आईनं, तुळजाबाईनं. मला चार-पाच वर्षांनी मोठीच असेल. "कशाची किल्ली हाय एवढी?" सांगितलं सगळं. लपवून उपयोग नव्हता, डोळ्यांनी आधीच चुगली केली होती.

ती म्हणाली, "आमचं मालक गेलं तवा त्यांचा पटका म्या बी लई दिस उशाला ठिवला हुता. मग नातू झाला. दुपट्याला कापड नव्हतं. फाडला."

फाडवला कसा तुम्हाला, मी विचारलं.

"रडत रडत. पर पोरगं काय उघडं ठिवायचं व्हय?"

यावर मॅट्रिकला संस्कृतात पहिला आलेल्या या माणसानं तिळगूळ खाल्ला. गेनबा म्हणाला, आणखी एकदा टाकू का गळ? म्हटलं, राहू दे.

१५ जानेवारी

रांजणगावचा रस्ता तिसऱ्यांदा. आता झाडं मला ओळखत असतील.

लिहायला लाज वाटते, पण हलकं वाटतंय. दोन वर्षं छातीला काहीतरी टोचायचं, मी त्याला दुःख समजत होतो. निम्मे किल्लीचे दात होते. उरलेलं निम्मं आहेच, ते बरोबर चालतंय.

२० जानेवारी, सिद्धटेक

अनंत धर्मशाळेच्या पायरीवर बसलेला. म्हणाला, "आलात? बसा." चिडला की तो मला अहो-जाहो करतो. थोड्या वेळानं लाडू पुढे केला. शेवटचा होता. अर्धा केला.

१२ फेब्रुवारी, रविवार, पुणे

आठही गणपती झाले, घरी आलो. सरोजिनी वाट बघत होती. मी स्वतःहून म्हटलं, उद्या किल्लीवाला बोलाव, आणि तुझ्या आईच्या साड्या ज्यांना द्यायच्या त्यांना दे. वाटलं होतं, लेक म्हणेल, बाबा किती बदललात! पण ती माझे पाय गरम पाण्यात घालून बसली. रात्रीही इथंच राहणार म्हणते.

१३ फेब्रुवारी

कपाट उघडलं. रिकामं.

श्यामलानं दुखण्यात असतानाच सगळं वाटून टाकलं होतं. मग कुलूप घालून किल्ली माझ्या हातात दिली. "आई म्हणाली, बाबांना इतक्यात सांगू नकोस. त्यांना राखायला काहीतरी लागेल." एवढं सांगून सरोजिनी रडायलाच लागली. मीही रडलो, किल्लीवाल्यासमोर.

तिनं पदरानं डोळे पुसले. जांभळी इरकल. श्यामलाची!

ही कधीपासून नेसतेस, विचारलं.

"दर रविवारी हीच नेसून येते, बाबा."